आईच्या पायाला व्हॅक मशीन लावलंय: जखम धुणं आणि रात्रीचा अलार्म, मदत हवी आहे

नमस्कार. थोडं लांबलचक लिहितेय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

आई ६८ वर्षांची, मधुमेह वीस वर्षांचा. महिन्यापूर्वी उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला गळू झालं आणि आतल्या आत पसरलं. ऑपरेशन करून पू काढला, काळं पडलेलं मांस काढून टाकलं. आता तिथे सात सेंटिमीटर लांब आणि चार रुंद अशी उघडी जखम आहे. पायाचा रक्तपुरवठा तपासला, तो चांगला आहे. टाके न घालता व्हॅक मशीन लावून घरी सोडलंय.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी: काळा स्पंज (सगळे फोमच म्हणतात) जखमेच्या मापाने कापून आत बसवतात, वरून पारदर्शक चिकट फिल्म, फिल्मला भोक पाडून त्यावर नळी, नळीचं दुसरं टोक डब्याला. पंप हवा ओढत राहतो. आमच्याकडे आकडा उणे १२५ आहे, म्हणजे मिलिमीटर पारा. पंप चालू केला की फुगलेला फोम बघता बघता मनुक्यासारखा आक्रसतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार सिस्टर येऊन ड्रेसिंग बदलतात.

आता अडचणी. बुधवारी सिस्टरनी फोम काढून जखम सलाईनने बराच वेळ धुतली. भाऊ म्हणाला, मशीन चोवीस तास घाण ओढतंच आहे, मग पुन्हा धुवायचं कशाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मलाही तेच वाटत होतं की हे जखम साफ करणारं मशीन आहे. पण बोटांकडच्या कोपऱ्यात पिवळट, चिकट थर दिसतोय आणि धुऊनही तो निघाला नाही. तो पू आहे का? मावशी म्हणते, हायड्रोजन पेरॉक्साईड टाका, फेस आला की सगळं वर येईल.

दुसरं, काल रात्री अडीचला अलार्म सुरू झाला, हवा गळतेय म्हणून. फिल्मवर आणखी पट्ट्या चिकटवल्या, थांबेना. आईला झोप लागावी म्हणून मी मशीनच बंद केलं आणि सकाळी साडेसातला सिस्टर आल्यावर चालू झालं. माझी चूक झाली का?

आणि तिसरं. तिच्या तळव्याला संवेदना नाही, पण जखमेच्या जागी आहे. फोम ओढून काढताना ती चादर मुठीत धरते आणि भिंतीकडे तोंड करते. आवाज काढत नाही. ते मला बघवत नाही. यावर काहीच करता येत नाही का?

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर आहे. आईंची जखम मी पाहिलेली नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

आधी अलार्मचं, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. चोवीस तासांत मिळून दोन तासांपेक्षा जास्त मशीन बंद राहिलं तर फोम आत ठेवायचा नाही. ओढ थांबली की तो फोम म्हणजे जखमेत कोंबलेला ओला बोळा. जखमेतून पाझरणारा द्रव, म्हणजे लस, तिथेच साचते आणि जंतूंना आयतं घर मिळतं. अशा वेळी जुनं ड्रेसिंग पूर्ण काढून, जखम धुऊन, सलाईनमध्ये भिजवलेलं साधं गॉज ठेवायचं आणि कळवायचं. घरी फोम कोणी काढायचा हे सिस्टरकडून आजच शिकून घ्या. तुम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं, ही तुमची चूक नाही. पण आजच्या ड्रेसिंगला वास किंवा कडेला लाली वाटली तर सर्जनना नक्की सांगा.

आता भावाच्या प्रश्नाचं उत्तर. मशीन पातळ ते ओढतं: लस, सुजेचं पाणी. जखमेच्या कडा जवळ आणते ती ओढ, आणि तिच्यामुळे लाल दाणेदार मांस धरायला मदत होते. मेलेलं मांस मात्र ते खात नाही. तुम्ही म्हणताय तो पिवळा थर बहुधा स्लफ असावा. तो पू नव्हे, मेलेल्या पेशी आणि फायब्रिन (रक्त गोठवणारं प्रथिन) यांचा थर. पू वाहतो, हा चिकटून बसतो. त्यावर फोम ठेवला तर खाली नवं मांस धरत नाही. तो ब्लेडने किंवा क्युरेटने (खरवडायच्या चमच्यासारख्या हत्याराने) खरवडावा लागतो. मोठ्या ठिकाणी पाण्याच्या बारीक, वेगवान धारेने कापणारी किंवा अल्ट्रासाऊंडने सुटा करणारी यंत्रंही असतात. काही व्हॅक मशीन स्वतःच फोममध्ये सलाईन सोडतात, दहा-वीस मिनिटं मुरू देतात आणि मग ओढून घेतात. तुमचं तसलं दिसत नाही, म्हणून सिस्टर हाताने धुतात आणि ते बरोबरच आहे.

धुण्यालाही जोर लागतो. नुसतं ओतून जंतू सुटत नाहीत, फार जोर लावला तर ते आत ढकलले जातात. ३५ मिलिलीटरची सिरिंज आणि १९ नंबरची सुई यांची धार साधारण ८ पीएसआय (दाबाचं एकक) पडते, आणि ४ ते १५ हा योग्य पट्टा मानतात. पेरॉक्साईड नको. फेस दिसायला समाधानकारक वाटतो, पण भरून आणणाऱ्या नव्या पेशीही त्यात मरतात. मावशींना सांगा, त्यांची काळजी खरी आहे, औषध तेवढं चुकीचं आहे.

दुखण्याचं: पंप बंद करून नळीतून फोममध्ये सलाईन सोडायला सांगा आणि पंधरा ते तीस मिनिटं थांबायचं. मग हळूच काढायचा. वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी देता येईल का, तेही डॉक्टरांना विचारा. तरीही दुखलं तर फोमखाली न चिकटणारी जाळी घालता येते.

एक विचारते: आईंना रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का?

प्रतिसाद

माझ्या वडिलांना असंच मशीन होतं. गळती जवळजवळ नेहमी बोटांच्या बेचक्याकडून व्हायची, कारण तिथे फिल्म सपाट बसतच नाही. रात्री खोली शांत असताना कडेने बोट दाबत गेलो की बारीक फुसफुस ऐकू यायची आणि दाबल्यावर थांबायची. तीच जागा. ओल्या कातडीवर कितीही पट्ट्या लावा, उपयोग नाही. आमच्या सिस्टर कातडी कोरडी करून बेचक्यात स्टोमा पेस्ट (कातडीवरच्या खाचा बुजवणारी पेस्ट) भरायच्या आणि मग फिल्म लावायच्या. त्यानंतर अलार्म क्वचितच वाजला.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. हो, हृदयासाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू आहेत. त्याचा काही संबंध आहे का?

प्रतिसाद (सिस्टर)

आहे, म्हणूनच विचारलं. सर्जनना ठाऊक असेल, तरी तोंडाने सांगा. औषध स्वतः बंद करू नका. नळीत फिकट गुलाबी पाणी दिसलं तर घाबरू नका. पण लालभडक रक्त धावू लागलं किंवा डबा भराभर लाल होऊ लागला, तर पंप ताबडतोब बंद, जखमेवर हाताने घट्ट दाब, आणि दाब न सोडता हॉस्पिटल. तेव्हा फोम उपसत बसायचं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये या मशीनबद्दल सूचना काढली होती: दोन वर्षांत ६ मृत्यू आणि ७७ जणांना इजा झाल्याच्या नोंदी आल्या होत्या. सगळ्यात गंभीर कारण रक्तस्राव, आणि बहुतेक मृत्यू घरी किंवा दीर्घ शुश्रूषेच्या ठिकाणी झालेले. मशीन चांगलं आहे, पण घरात ते कोणीतरी सतत बघणारं हवं. रात्री आईंच्या खोलीत झोपता का?

मूळ लेखिका

कालपासून तिथेच झोपतेय, डबा दिसेल अशी गादी टाकून.

शुक्रवारचं सांगते. सर्जनना फोटो पाठवला होता, त्यांनी बोलावून घेतलं. तो स्लफच निघाला, जागा बधिर करून त्यांनी खरवडला. गोळ्यांचंही सांगितलं, म्हणून रक्त पूर्ण थांबेपर्यंत थांबून मगच नवा फोम बसवला. जुना फोम काढण्याआधी सिस्टरनी नळीतून सलाईन सोडून वीस मिनिटं वाट पाहिली. फोम ओला होऊन सैल झाला होता, जवळजवळ आपसूक उचलला गेला. आईने विचारलं, "काढला का?" चादर धरली नव्हती.

या वेळी फोमचे दोन तुकडे घातलेत. सिस्टरनी फिल्मवर पेनाने तारीख आणि "फोम २" लिहिलंय, म्हणजे पुढच्या वेळी काढणाऱ्याला मोजून दोनच काढायला मिळतील, एखादा आत राहणार नाही. बेचक्यात पेस्ट भरली आहे. काल रात्री अलार्म वाजला नाही.

अजून एक विचारायचं राहिलं: तिला बाथरूमपर्यंत चालू द्यावं का, की खुर्चीच न्यावी?