मदत हवी आहे: ताई किडनी देणार आहे, दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल देणाऱ्याच्या बाजूने माहिती हवी

सुरसागरकाठ (बडोदा)

नमस्कार मंडळी. भाऊजींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. माझी ताई त्यांना स्वतःची किडनी देते आहे. दोघांचा रक्तगट बी, क्रॉसमॅचही (शरीर किडनी नाकारेल का ते बघणारी रक्ततपासणी) जुळला. भाची नुकतीच कॉलेजात गेली आहे, ती "मी देते" म्हणून हटून बसली होती. ताईने तिला पुढे बोलूच दिलं नाही.

भाऊजींबद्दल सांगणारे ढीगभर भेटले. औषधं कोणती, पथ्य काय, मास्क किती महिने, सगळं. ताईबद्दल विचारलं की मात्र एकच उत्तर येतं: "त्यांचं काय, त्या तीन-चार दिवसांत घरी जातील." ताई स्वतःही तेच म्हणते. एक धडधाकट बाई भूल घेऊन टेबलावर झोपणार, तिला स्वतःला काहीही झालेलं नसताना. तिच्या बाजूने कुणीतरी नीट विचारायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा.

ताई ४७ वर्षांची, शाळेत शिकवते. बीपी नाही, शुगर नाही. एक सिझर झालेलं आहे. डीटीपीए स्कॅनमध्ये (कुठली किडनी किती काम करते ते दाखवणारी तपासणी) एकूण जीएफआर, म्हणजे किडन्यांची रक्त गाळण्याची क्षमता, ९६ आला, डावी ४८ टक्के, उजवी ५२. सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) मात्र डाव्या किडनीला दोन धमन्या निघाल्या: एक मुख्य आणि एक बारीक, खालच्या टोकाकडे जाणारी. उजवीला एकच आहे.

इथून पुढे घोळ. बडोद्याहून किडनीसाठी लोक नडियादला मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलला नाहीतर अहमदाबादच्या सिव्हिल आवारातल्या किडनी इन्स्टिट्यूटला जातात, काही इथेच खासगीत करून घेतात. आम्ही दोन सर्जनना रिपोर्ट दाखवले, नावं इथे लिहीत नाही. पहिले म्हणाले, डावीच घेऊ, दुर्बिणीतून, दोन धमन्या असल्या तरी. दुसरे म्हणाले, उजवी घेऊ, पण ती कुशीत चिरा देऊन, उघड्या पद्धतीने. दोघेही अनुभवी, दोघेही शांतपणे बोलणारे. आम्ही विश्वास कुणावर ठेवायचा?

भरीला आमची बाबाजीपुऱ्यातली आत्या. तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीने सुरू झालं आणि मध्येच पोट उघडावं लागलं. ती रोज फोन करते, "दुर्बीण नको रे, डॉक्टरांना डोळ्यांनी दिसेल असं करा." तिची भीती खरी आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही.

दोन धमन्यांचा धोका नक्की कुणाला, ताईला की भाऊजींना? सिझरच्या जागेमुळे दुर्बिणीला अडचण येते का? आणि घरी आल्यावर तिला काय काय लागेल? तिला शाळेत दिवसभर उभं राहायचं असतं, ॲक्टिव्हावरून जाते. ज्यांनी स्वतः किडनी दिली आहे त्यांनी कृपया लिहा.

अश्वत्थ (पुणे)

मी युरॉलॉजिस्ट आहे. रिपोर्ट न बघता सल्ला देता येणार नाही, तेव्हा हे समजून घेण्यापुरतं.

पहिलं आत्याबाईंसाठी. दात्याची किडनी दुर्बिणीतून काढणं नवीन नाही. १९९५ साली बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये रॅटनर आणि कवौसी यांनी ते पहिल्यांदा केलं. त्याआधी कुशीत वीतभर चिरा, कधी कधी शेवटच्या बरगडीचा तुकडाही काढावा लागे. दुखणं इतकं असायचं की माणूस खोल श्वास घ्यायला घाबरायचा. आता तीन-चार छोटी छिद्रं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, कॅमेऱ्यात सगळं मोठं होऊन दिसतं. म्हणजे डोळ्यांना कमी नाही, जास्तच दिसतं. शेवटी किडनी अख्खी बाहेर काढायला ओटीपोटावर सहा-आठ सेंटीमीटरचा आडवा छेद घेतात. सिझर आडव्या छेदाचं असेल तर बहुतेक वेळा त्याच व्रणातून काढता येते. आत काही चिकटलेलं असलं तर सोडवावं लागतं, पण केवळ सिझर झालंय म्हणून दुर्बीण नाकारत नाहीत.

मध्येच पोट उघडावं लागणं शंभरात एखाद-दोघांच्या बाबतीत होतं. रक्तस्राव दिसला की वेळ न घालवता उघडणारा सर्जन दात्याचा जीव सांभाळत असतो. ताईंच्या संमतीपत्रात ही शक्यता लिहिलेली असायलाच हवी.

आता डावी-उजवी. किडनीची मुख्य शीर (किडनीतून रक्त परत नेणारी) डावीकडे लांब असते, उजवीकडे आखूड. लांब शीर असली की पुढे जोडणाऱ्याला सोपं जातं, म्हणून जगभर डावीला पसंती. दुर्बिणीत शीर स्टेपलरने बंद करताना तिची थोडी लांबी जाते. आधीच आखूड असलेल्या उजव्या शिरेला ते महागात पडतं, शिवाय यकृत वर उचलून धरावं लागतं. म्हणून काही सर्जन उजवी असेल तर उघडी पद्धत बरी मानतात, काही सर्जन उजवीही दुर्बिणीतून उत्तम करतात.

दोन धमन्या साधारण चौघांत एकाला असतात. खालच्या टोकाकडे जाणारी बारीक धमनी बऱ्याचदा मूत्रवाहिनीच्या वरच्या भागाला रक्त पुरवते, ती सोडून दिली तर नंतर भाऊजींच्या मूत्रवाहिनीत गळती किंवा अडथळा येऊ शकतो. म्हणून किडनी बाहेर आल्यावर बर्फात ठेवून दोन्ही धमन्या जोडून घेतात, किंवा दोन्ही वेगवेगळ्या लावतात. तेव्हा ही जोखीम मुख्यतः घेणाऱ्याची. ताईंसाठी फरक इतकाच की एकाऐवजी दोन धमन्या बंद करायच्या.

चांगली किडनी दात्याकडे राहिली पाहिजे हा यातला पहिला नियम आहे. पण ४८-५२ हा फरक मोजण्यासारखा नाही. म्हणजे दोघेही सर्जन चुकीचं सांगत नाहीत, ज्याचा हात जिथे बसलाय ते तो सांगतोय. दोघांनाही सरळ विचारा: दोन धमन्यांची डावी तुम्ही किती वेळा केली? उजवी दुर्बिणीतून करता का, नसाल तर का?

आणखी एक विचारा, हे फार कुणी विचारत नाही. धमनी कशाने बंद करणार? प्लास्टिकच्या लॉक होणाऱ्या हेम-ओ-लॉक क्लिप इतर ऑपरेशनांत चालतात, पण दात्याच्या किडनीच्या धमनीवर त्या वापरू नयेत असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०११ मध्ये बजावलं आहे. धमनीचं टोक अगदी थोडं उरतं, क्लिप निसटली तर काही मिनिटांत जीवघेणा रक्तस्राव होतो, आणि असे मृत्यू झालेले आहेत. भिंतीला आरपार टाचणारा स्टेपलर किंवा आरपार घातलेला टाका जास्त भरवशाचा. हा प्रश्न विचारलात म्हणून चांगला सर्जन चिडणार नाही.

सुरसागरकाठ

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. धमनी कशाने बंद करतात हा प्रश्न आम्हाला सुचणंच शक्य नव्हतं. एक धाडस करून विचारतो: जीवाला धोका किती? ताईसमोर हे कुणी बोलत नाही.

अश्वत्थ

तिच्यासमोर बोललंच पाहिजे. अमेरिकेत १९९४ ते २००९ या काळातल्या ८० हजारांवर दात्यांच्या नोंदींत, ऑपरेशननंतर ९० दिवसांत मृत्यूचं प्रमाण १० हजारांत साधारण ३ होतं. त्यानंतर ते आणखी उतरलंय, तिथल्या अलीकडच्या दशकातल्या नोंदींत १० हजारांत एकाच्याही खाली. पुढे आयुष्यात स्वतःची किडनी निकामी होण्याचा धोका दात्याला थोडा वाढतो: १५ वर्षांत १० हजारांमागे सुमारे ३१, तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या लोकांत सुमारे ४. आकडा लहान आहे, पण शून्य नाही, आणि "काही होत नाही" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

शिंदेछावणी (ग्वाल्हेर)

दादा, मी माझ्या मुलाला किडनी दिली, दुर्बिणीतून, डावी. बाईमाणूस म्हणून ताईंसाठी लिहिते.

पोटाचं दुखेल असं वाटलं होतं, पण पहिले दोन दिवस खरं दुखला तो खांदा. मी घाबरून सिस्टरला म्हटलं, हृदयाचं काही आहे का. तिने सांगितलं, पोटात भरलेला गॅस थोडा उरतो, तो श्वासपटलाला चिडवतो आणि त्याची कळ खांद्यात येते. चालायला लागले तशी कमी झाली. ताईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर उगाच जीव टांगणीला लागतो. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली आणि उठवून चालवलं. पोट साफ होत नाही हाही मोठा त्रास असतो, त्याचं औषध मागून घ्या, कुंथायचं नाही.

साडीचं सांगते. परकराची नाडी नेमकी खालच्या टाक्यांवर येते. मी पहिला महिना सैल गाऊनवरच होते, कोण काय म्हणतं याची पर्वा केली नाही. छेदाखालची कातडी कितीतरी महिने बधिर होती. दीड महिना जड काही उचलायचं नाही: पाण्याची बादली, भरलेला कुकर, सिलेंडर सरकवणं, काहीच नाही. बसून काम असतं तर तीनेक आठवड्यांत जमलं असतं, ताईंचं उभ्याने असेल तर जास्त रजा टाकायला सांगा. स्कूटर डॉक्टर हो म्हणाले तेव्हाच, कारण अचानक ब्रेक मारला की पोटावरच ताण येतो.

सगळ्यात महत्त्वाचं. ताई घरी येतील तेव्हा भाऊजी अजून दवाखान्यात असतील. सगळं घर तिकडे धावेल. माझ्या घरी तेच झालं, मी टाक्यांनिशी स्वतःच चहा करून घ्यायचे. ताईंजवळ राहायला एक माणूस आत्ताच ठरवा, फक्त त्यांच्यासाठी.

मृद्गंध (इंदूर)

मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर म्हणून काम केलंय, कागदपत्रांचं थोडं लिहितो. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात नवरा-बायको जवळचे नातेवाईक धरले जातात. विवाहाचा दाखला, जुने फोटो, ओळखपत्रं, मुलीचा जन्मदाखला काढून ठेवा.

२०१४ च्या नियमांत असं आहे की दाता बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती किडनी घेणाऱ्याशिवाय दुसऱ्या व्यक्तीकडून पक्की करून घ्यायची. घरचे लोक याला नुसती सही समजतात. तसं होऊ देऊ नका. ताईंना समुपदेशकासमोर एकटं बसू द्या, तुम्हीसुद्धा बाहेर थांबा. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत त्यांना नाही म्हणता येतं, हे त्यांनी तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं.

नंतरचं: दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन, आयुष्यभर. उरलेली किडनी काम वाढवते, एकूण क्षमता आधीच्या साधारण दोन-तृतीयांशावर स्थिरावते. त्यामुळे क्रिएटिनिन आधीपेक्षा थोडं जास्तच दिसेल आणि लॅबच्या कागदावर लाल खूण येईल. घाबरू नका, पण त्या आकड्याची नोंद ठेवा, पुढे त्याच्याशीच तुलना करायची. डोकं-कंबर दुखली म्हणून ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घ्यायचं नाही. आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायचं की एकच किडनी आहे.

सुरसागरकाठ

तुम्हा सगळ्यांचं रात्री ताईला वाचून दाखवलं. खांद्याचं आणि गाऊनचं तिने वहीत उतरवून घेतलं. जोखमीचे आकडेही ऐकले, म्हणाली, "हे मला आधीच सांगायचं होतं ना, मी काय पळून जाणार आहे?" मग मीच तिला सांगितलं की तू नाही म्हणालीस तरी मी तुझ्या पाठीशी आहे. ती द्यायचंच म्हणते.

आत्याला डॉक्टरांचं उत्तर समजावलं. तिला सगळं पटलंय असं नाही, पण ताईजवळ राहायला तीच येणार आहे.

पुढच्या आठवड्यात दोन्ही सर्जनकडे पुन्हा जातोय, प्रश्न लिहून घेतले आहेत. तोवर एक विनंती: उजवी किडनी दुर्बिणीतून दिलेलं कुणी इथे असेल, किंवा दोन धमन्यांची डावी दिलेलं, तर दोन ओळी तरी लिहा. व्यनि (खासगी निरोप) केलात तरी चालेल.