असिंक क्लायंटने न विचारता रिट्राय करावा का?

रात्रपाळी (धागाकर्ता)
पायथनच्या असिंकआयओवर (एकाच थ्रेडवर अनेक टास्क आळीपाळीने चालवणारी सोय) एचटीटीपी क्लायंट लायब्ररी लिहायची आहे. पूल (पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली कनेक्शन), टाइमआउट, एचटीटीपी/२ यांवर फारसं दुमत नाही. घोडं अडलंय ते रिट्रायवर. कनेक्शन तुटलं तर लायब्ररीने स्वतःहून विनंती पुन्हा पाठवावी का?

माझं मत: हो, आणि डिफॉल्ट चालूच असावं. पायथनची एचटीटीपी लायब्ररी यूआरएललिब३ मुळातच ३ रिट्राय करते. तिच्यावरच उभी असलेली रिक्वेस्ट्स मात्र तो आकडा शून्यावर आणून ठेवते. एचटीटीपीएक्स ही आणखी एक लायब्ररी रिट्राय मागितल्यावर देते, तेही फक्त जोडणीच्या टप्प्यापुरतं. मग जो तो आपापला फॉर लूप लिहितो आणि हमखास जिटर (थांबण्याच्या वेळेत थोडा यादृच्छिक फरक) विसरतो. त्यापेक्षा लायब्ररीनेच एकदा नीट करावं.

तिरपागडा
साफ विरोध. ‘कनेक्शन तुटलं’ या दोन शब्दांत तुम्ही तीन वेगळी प्रकरणं कोंबली आहेत.

क) टीसीपी किंवा टीएलएस जोडणीच झाली नाही. विनंतीचा एकही बाइट गेला नाही, बिनधास्त रिट्राय करा.
ख) विनंती गेली, उत्तराचा एकही बाइट आला नाही. सर्व्हरने काम केलं की नाही, हे क्लायंटला कळायला मार्गच नाही.
ग) उत्तर अर्धवट आलं.

‘ख’मध्ये पोस्ट मेथडची (सर्व्हरवर काही नवं घडवणारी) विनंती असेल तर पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. गेट, हेड, ऑप्शन्स, ट्रेस, पुट, डिलीट या मेथड आयडेंपोटंट (कितीदाही पाठवा, परिणाम एकदाच) असल्याचं एचटीटीपीचं प्रमाण, आरएफसी ९११०, सांगतं, पण ते झालं कागदावर. गेटवर ओटीपी पाठवणारे एपीआय पैशाला पासरी मिळतात.

रात्रपाळी
पोस्टला हात लावा असं कोण म्हणतंय? ‘ख’चा नेहमीचा प्रकार बघा. युव्हिकॉर्न हा पायथन सर्व्हर रिकामं कनेक्शन डिफॉल्ट ५ सेकंदांनी बंद करतो, तर एआयओएचटीटीपी लायब्ररीचा क्लायंट तेच १५ सेकंद पूलमध्ये ठेवतो. एरवी सर्व्हरचा फिन (कनेक्शन बंद करत असल्याचा टीसीपी संकेत) आला की क्लायंट ते कनेक्शन टाकून देतो. पण फिन वाटेत असताना विनंती निघाली, किंवा कोणीतरी इव्हेंट लूप (सगळे टास्क चालवणारं चक्र) अडवून धरल्यामुळे आलेला फिन वाचलाच गेला नाही, तर ३.१०च्या आधीच्या एआयओएचटीटीपीत ‘सर्व्हरडिस्कनेक्टेडएरर’. वापरणाऱ्याचा यात काय दोष?

गो भाषेच्या नेट/एचटीटीपीने यावर चांगली रेघ मारली आहे. कनेक्शन आधी यशस्वीपणे वापरलेलं असावं, मेथड गेट, हेड, ऑप्शन्स किंवा ट्रेस असावी (किंवा विनंती दुसऱ्यांदा आली तर ओळखता यावी म्हणून लावलेला आयडेंपोटन्सी-की हेडर असावा), आणि बॉडी (विनंतीसोबतचा मजकूर) नसावी किंवा पुन्हा मिळवता येणारी असावी. एवढं जुळलं तरच नेटवर्क एररवर रिट्राय. पायथनमध्येही असिंक जनरेटरमधून येणारी बॉडी एकदा वाचली की संपली, ती दुसऱ्यांदा पाठवता येत नाही, तेव्हा तिथेही नकोच.

गाळणी
‘क’सुद्धा वाटतं तितकं बिनधास्त नाही. असिंकआयओचं गेटअॅड्रइन्फो (होस्टच्या नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस लुकअप) थ्रेड पूलमध्ये चालतं आणि डिफॉल्ट पूल म्हणजे सीपीयू अधिक ४, कमाल ३२ थ्रेड. चार कोरच्या मशीनवर ८. टाइमआउटने टास्क रद्द होतो, पण आत अडकलेला थ्रेड थांबत नाही. डीएनएस मंदावलं आणि तुम्ही रिट्राय मारत राहिलात की आठही थ्रेड भरतात. मग चांगल्या होस्टचे लुकअपही रांगेत.

पण या धाग्यात कॅन्सलेशनचा अजून कोणी उल्लेखच केलेला नाही, आणि असिंकमध्ये टाइमआउट म्हणजेच कॅन्सलेशन. पायथन ३.८ पासून कॅन्सल्डएरर हा बेसएक्सेप्शनचा वंशज आहे, म्हणजे ‘एक्सेप्ट एक्सेप्शन’मध्ये लिहिलेली साफसफाई धावतच नाही. उलट कोणी ‘फायनली’मध्ये डोळे झाकून कनेक्शन पूलमध्ये परत ठेवलं, तर त्याहून वाईट. २० मार्च २०२३ चं चॅटजीपीटीचं प्रकरण याच जातीचं होतं. रेडिस-पायच्या (रेडिस डेटाबेसच्या पायथन क्लायंटच्या) असिंक कोडमध्ये विनंती गेल्यानंतर आणि उत्तर वाचण्याआधी टास्क रद्द झाला, कनेक्शन पूलमध्ये परतलं आणि पुढच्या वापरकर्त्याला आधीच्याचं उत्तर मिळालं. नऊ तासांच्या अवधीत सक्रिय असलेल्या प्लस सदस्यांपैकी १.२ टक्क्यांची पेमेंटसंबंधी माहिती इतरांना दिसली असण्याची शक्यता ओपनएआयने जाहीर केली होती.

ते रेडिस होतं, पण एचटीटीपी/१.१ ची गत तीच. उत्तराला क्रमांक नसतो, फक्त क्रम असतो. त्यामुळे नियम एकच: विनंतीचा पहिला बाइट लिहिला गेला आणि उत्तर पूर्ण वाचण्याआधी टास्क रद्द झाला, तर सॉकेट बंद करा. एचटीटीपी/२ मध्ये प्रत्येक स्ट्रीमला क्रमांक असतो, तेवढीच स्ट्रीम रद्द करणारा आरएसटी_स्ट्रीम पाठवून कनेक्शन वाचवता येतं. हे पक्कं झाल्याशिवाय रिट्राय चालू ठेवणं म्हणजे आगीत तेल.

तिरपागडा
+१. आणि टाइमआउट नक्की कोणाचा, तेही ठरवा. एचटीटीपीएक्सचे ५ सेकंद एकूण विनंतीचे नाहीत, प्रत्येक टप्प्याचे आहेत. दर चार सेकंदांनी एक बाइट सोडणारा सर्व्हर त्या रीड टाइमआउटमध्ये कधीच सापडत नाही. त्यावर तीन प्रयत्न आणि मधली थांबण्याची वेळ जोडा. वरच्या सेवेने १० सेकंदांनी नाद सोडला तरी तुमची लायब्ररी खाली दळत बसणार.

शिवाय गुणाकार. अॅप, गेटवे आणि सेवा या तिन्ही थरांत तीन-तीन प्रयत्न असले, तर तळाशी एका क्लिकच्या २७ विनंत्या. सिंक क्लायंटला निदान थ्रेडच्या संख्येचा लगाम असतो. असिंकमध्ये दहा हजार टास्क स्लीपमध्ये निवांत पडून असतात आणि जिटर नसेल तर एकदम उठतात. नुकता सावरलेला सर्व्हर पुन्हा आडवा.

रात्रपाळी
म्हणूनच हे लायब्ररीत हवं! वापरणाऱ्याच्या फॉर लूपला इतर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव टास्कची खबर नसते, क्लायंट ऑब्जेक्टला असते. रिट्रायचं बजेट तिथेच ठेवता येतं: चालू विनंत्यांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रिट्राय नाहीत, संपलं की सरळ एरर वर. एकूण मुदत एकच, सगळे प्रयत्न तिच्या आत. स्लीपमध्ये जाण्याआधी पूलमधली जागा सोडायची, नाहीतर झोपलेले टास्कच १०० कनेक्शनची मर्यादा खाऊन बसतात. ५०३ (सेवा उपलब्ध नाही) आणि ४२९ (फार विनंत्या) या उत्तरांना डिफॉल्टमध्ये हात लावायचा नाही, तो निर्णय वापरणाऱ्याचा.

गाळणी
एवढं असेल तर माझी हरकत निम्मी उरते. एचटीटीपी/२ मध्ये आणखी सोपं आहे. गोअवेमधल्या (सर्व्हर कनेक्शन आवरतं घेत असल्याच्या सूचनेतल्या) शेवटच्या स्ट्रीम क्रमांकाच्या पुढच्या विनंत्या आणि रिफ्यूज्ड_स्ट्रीम (स्ट्रीम नाकारल्याचा एरर) आलेल्या विनंत्या सर्व्हरने हाताळलेल्याच नसतात. तिथे पोस्टसुद्धा चालेल.

तिरपागडा
माझी हरकत पूर्ण उरते. ‘क’साठी आणि गोअवे-रिफ्यूज्डसाठी डिफॉल्ट चालू, मान्य. जुन्या कनेक्शनवरच्या ‘ख’साठी नाही. तिथे पूलची मुदत सर्व्हरपेक्षा कमी ठेवा, त्याच्या ५ सेकंदांना ४, म्हणजे बहुतेक एरर येणारच नाहीत. उरलेल्या दिसू द्या.

आणि टेस्ट लिहाल तेव्हा विनंती पूर्ण वाचून, मोजून, एकही बाइट न देता सॉकेट बंद करणारा सर्व्हर उभा करा. त्याने पहिल्या पोस्टला तेवढं नीट उत्तर द्यावं, मग त्याच कनेक्शनवर दुसरी पोस्ट मारा. पोस्टचा आकडा २ च्या वर गेला तर पुढची रिलीज थांबवा.

रात्रपाळी
टेस्ट घेतली. पुट आणि डिलीटचं काय? आरएफसी हो म्हणतो, गो नाही म्हणतं.

तिरपागडा
गोच्या बाजूने.