डीएनएच्या रचनेत खरंच टोपॉलॉजी लागते का?

तळटीप (टोपणनाव): गणितात एमएस्सी करतेय, टोपॉलॉजी (ताणलं-वाकवलं तरी न बदलणाऱ्या गुणधर्मांचं गणित) आवडते. जीवशास्त्रवाली मैत्रीण म्हणते, आमच्याकडे गणित म्हणजे संख्याशास्त्र, बाकी नुसती सजावट. डीएनएबद्दल प्रमेयामुळे काही नवं कळलं, असं एक तरी उदाहरण द्या. गाठींची चित्रं नकोत, ती पुष्कळ पाहिली.

जेलवाला: मी प्लाझ्मिडवर काम करतो, म्हणजे जिवाणूंतला गोल डीएनए. समजा त्यात ५२५० बेसजोड्या (दोन पेडांना जोडणाऱ्या पायऱ्या) आहेत. साधारण १०.५ जोड्यांना एक वेढा, म्हणजे दोन पेड एकमेकांत ५०० वेळा गुंतलेले. हा लिंकिंग नंबर. वर्तुळ बंद, त्यामुळे पेड कापल्याशिवाय तो बदलत नाही. तापवून बेसजोड्या सोडवल्या तरी पेड अडकलेलेच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते इथे अक्षरशः खरं!

पेशीने तो ४७५ वर आणला तर? कॅलुगारेआनू-व्हाइट-फुलर सूत्र सांगतं: लिंकिंग नंबर = पेडांचा पीळ + आसाची (दुपदरी डीएनएच्या मधल्या रेषेची) वेटोळी. पेडांना मूळचाच पीळ सोयीचा, म्हणून तूट बरीचशी आसावर जाते आणि अख्खं वर्तुळ स्वतःभोवती वळतं. पीळ आणि वेटोळी अपूर्णांकात चालतात, बेरीज मात्र पूर्णांकच. तो पूर्णांक जेलवर (डीएनएचे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या थरावर) दिसतो: शेजारच्या दोन पट्ट्यांत फरक १ चा.

बघ्या: पट्टे मोजायला प्रमेय कशाला? दिसले, नोंदवले, झालं.

जेलवाला: मोजायला नाही हो, अर्थ लावायला. दुपदरी डीएनएचे दोन्ही पेड कापून त्या फटीतून त्याच वर्तुळाचा दुसरा दुपदरी भाग पलीकडे नेला, तर फरक बरोबर २ पडतो. १९७९ मध्ये ब्राउन आणि कोझारेली यांनी एकाच लिंकिंग नंबरचा डीएनए घेऊन त्यावर गायरेज हे जिवाणूंचं एन्झाइम चालवलं. पट्टे दोन-दोनच्या उडीने आले. एन्झाइमला कापताना डोळ्यांनी न पाहताही, दोन्ही पेड कापले जातात हे त्या उडीवरून ताडता आलं. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक याच गायरेजला डीएनए कापलेल्या अवस्थेत अडकवतं, हेही मैत्रिणीला सांगा.

तळटीप: अच्छा, छेदाचं (डीएनए स्वतःवरून जातो त्या जागेचं) चिन्ह +१ चं −१ झालं, म्हणून २! पण माणसाच्या गुणसूत्रांची टोकं तर मोकळी असतात. तिथे काय?

जेलवाला: लांब डीएनए ठिकठिकाणी प्रथिनांनी जखडलेला असतो. जखडलेल्या दोन जागांमधला भाग बराचसा बंद वर्तुळासारखा वागतो. व्याख्या तिथे जरा सैल होते, तुम्हाला खटकेल. कडक गणित हवं तर अर्न्स्ट आणि समनर्स यांचं १९९० चं टँगल (म्हणजे गुंता) मॉडेल बघा. त्यात एन्झाइमची क्रिया समीकरणात अज्ञात धरली आहे आणि तयार झालेल्या गाठींवरून ती सोडवली आहे.