इंग्लंडात पोटनिवडणूक, मतदान करता येतं का?

शहापूरकर: बेळगाव-खानापूरकडची पोरं तिकडं स्टुडंट व्हिसावर आहेत. पासपोर्ट भारताचाच. मत देता येतं म्हणतात, खरं काय?

टिळकवाडी: खरं. भारत कॉमनवेल्थमध्ये, त्यामुळं वैध व्हिसा आणि त्याच मतदारसंघातला पत्ता असला की पुरे. नोंदणी ऑनलाइन, मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधी रात्री बारापर्यंत. शनिवार-रविवार मोजू नका, पोरं नेमकी तिथंच चुकतात. नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिकडचा कर-विम्याचा नंबर) नसला तर कारण लिहायचं. मग कौन्सिल (तिथली नगरपालिका) दुसरे कागद मागू शकते, म्हणून शेवटच्या दिवशी अर्ज नको.

खडेबाजार: केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतंच. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलासुद्धा, चेहरा जुळला म्हणजे झालं. मोबाईलमधला फोटो नाही चालत, आणि आधार तर नाहीच बघा. वेळ सकाळी 7 ते रात्री 10.

शहापूरकर: शिक्का मारायचा की बटण?

टिळकवाडी: दोन्ही नाही. कागदावर पेन्सिलनं एकच फुली. सही केली तर मत बाद, कारण मतदार ओळखू येतो.

खडेबाजार: तिकडं उमेदवाराचं डिपॉझिट 500 पौंड, 5 टक्क्यांहून जास्त मतं पडली तर परत. तरी उमेदवार सहसा वीसच्या आतच. आपल्याकडं बेळगावात 1996 च्या लोकसभेला 456 होते, मतपत्रिकेची वही झालेली! त्यानंतरच इथलं 500 रुपयांचं डिपॉझिट 10,000 वर गेलं.