गल्लीत दिसलं म्हणून शेअर घेतला: तुमचे अनुभव सांगा

टीव्हीवरच्या टिप्स नकोत. घरातल्या, शेजारच्या सवयी बदलताना पाहून कुणी शेअर घेतलाय का? फसलेले किस्से आधी.

सुरुवात माझ्यापासून. मार्च २०१७ मध्ये डीमार्टचा आयपीओ (लोकांना शेअरची पहिली विक्री) आला, भाव २९९. वाण्याकडे यादी टाकणं आम्ही केव्हाच सोडलं होतं. अर्ज भरला, शेअर लागला नाही. लिस्टिंग, म्हणजे बाजारातली पहिली खरेदी-विक्री, सहाशेच्या पुढे झालं, मग ‘आता महाग’ म्हणून सोडला. ट्रॉली अजून दर महिन्याला ढकलतो, शेअर शून्य.

*

आमच्या सासऱ्यांचा किस्सा. मोठ्या जाऊबाई तनिष्कमध्ये गेल्या, सोबत सासूबाईंच्या बांगड्या. तिथल्या कॅरटमीटरवर, म्हणजे सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर, सहज ठेवल्या, तर पिढीजात सराफाने बावीस कॅरट म्हणून दिलेलं सोनं एकोणीसच्या आसपास निघालं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. सासरे मात्र म्हणाले, “हे आपल्याच घरी झालं असेल का?” आणि २००९ मध्ये तनिष्क चालवणाऱ्या टायटनचे ५० शेअर घेतले. घड्याळाची कंपनी म्हणून सगळे हसले. २०११ मध्ये एका शेअरचे दहा अशी फोड आणि वर प्रत्येक शेअरमागे एक फुकट (बोनस), ५० चे १,००० झाले. विकले नाहीत, कारण पासवर्ड विसरले होते. (हे गुपित त्यांच्यासमोर काढायचं नाही.)

*

काकांचं होजिअरीचं दुकान. गिऱ्हाईक आधी “बनियन दाखवा” म्हणायचं, मग थेट “जॉकी द्या” म्हणायला लागलं. मी ब्रोकरच्या यादीत ‘जॉकी’ शोधत बसलो, सापडेना. भारतातला परवाना पेज इंडस्ट्रीजकडे, हे कळायला सहा महिने गेले. घेतला, दुप्पट झाल्यावर विकून स्कूटर आणली. २०१८ मध्ये त्याच शेअरने ३०,००० ओलांडले. स्कूटर तेव्हा गॅरेजमध्ये होती.

*

माझं उलट. पोरं रोज मोबाइलवरून काही ना काही मागवायची, म्हणून २०२१ मध्ये एका ॲप कंपनीचा शेअर लिस्टिंगच्या दिवशीच उचलला. वर्षभरात निम्म्याहून खाली. पोरं मागवत होती ते सवलतीवर, आणि सवलत कंपनीच्या खिशातून जात होती. ताळेबंद उघडलाच नव्हता, दोष कुणाला देऊ?

*

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाचा, जिमचा ट्रेनर, ऑफिसातला शिपाई, सगळे डिमॅट (शेअर ठेवायचं खातं) उघडत होते. कोणता शेअर पळेल ते मला कळत नव्हतं, पण खाती कुठेतरी ठेवावी लागणारच. ही खाती सांभाळणाऱ्या दोन संस्थांपैकी (डिपॉझिटरी) तेव्हा सीडीएसएल एकटीच लिस्टेड. अडीचशेच्या आसपास घेतला, २०२१ संपताना दीड हजाराजवळ होता. मार्च २०२० मधली चार कोटींच्या आसपासची देशातली डिमॅट खाती दोन वर्षांत नऊ कोटींच्या घरात गेली. मग बाजार थंडावला, नवी खाती रोडावली आणि शेअरही बराच उतरला. सगळा नफा हातात आला असं समजू नका.

*

तुम्हाला दिसेपर्यंत फंडवाल्यांनी घेऊन झालेलं असतं. एवढंच.

*

वरच्यांना: खरंय, पण आमच्या सोसायटीत दोनाची एकोणीस कुत्री झाली, हे फंडवाल्याला कसं दिसणार? पाकिटं उलटून पाहिली. पेडिग्री मार्सचं, ती कंपनी कुटुंबाची, शेअरच नाही. प्युरिना नेस्ले इंडियाकडे, पण तिथे मॅगी आणि कॉफीपुढे ते चिमूटभर. म्हणजे कुत्र्यासाठी मॅगी विकत घेतल्यासारखं. दुसरं नाव कुणाला माहीत आहे का?