जुना स्लीपर कोच रिस्टोअर करताना कुठलं साल धरायचं?

रूळवेडा: मंडळी, बरेच दिवस युरोपात स्लीपर डबे चालवणाऱ्या वॅगाँ-ली कंपनीच्या 1929 च्या एलएक्स, म्हणजे लक्झरी, डब्यांबद्दल वाचतोय. तेच, निळ्या रंगाचे, कंपनीचं लांबलचक नाव वर पितळी अक्षरात. बनले तेव्हा आत दहा केबिन आणि प्रत्येकीत एकच बेड, म्हणजे अख्ख्या डब्यात 10 माणसं. मग मंदी आली, तेवढं भाडं देणारे कमी झाले आणि बऱ्याच डब्यांत वरचा बर्थ बसवून कुठे 16 तर कुठे 20 जणांची सोय केली. आता असा डबा दुरुस्त करायचा तर 1929 सारखा करायचा की शेवटपर्यंत जसा चालला तसा? वरचा बर्थ काढला तर डब्याने जे काम केलं तेच पुसल्यासारखं होतं असं मला मनापासून वाटतं.

पत्रा_रिव्हेट: साल नंतर ठरवा हो, आधी खिडकीखालचा पत्रा बघा. काचेच्या कडेने पाणी आत उतरतं आणि भिंतीतच साचतं, बाहेरून रंग एकदम छान दिसतो पण आतून चाळणी झालेली असते. पॅनेलं उतरवल्याशिवाय ते कळत नाही, आणि ती फ्रेंच सजावटकार रने प्रूने डिझाइन केलेली, लाकडाच्या पातळ तुकड्यांची नक्षी असलेली असली तर एकेकाला नंबर टाकून, फोटो काढून, सपाट ठेवायची, ओल लागली की नक्षी सुटते. जुन्या डब्यांच्या भिंतीत ॲस्बेस्टॉस पण निघतो, त्याला स्वतः अजिबात हात लावू नका, ट्रेनिंग घेतलेल्या लोकांनाच बोलवा.

रात्रपाळी: माझा आग्रह वेगळाच आहे, अटेंडंटचा कोपरा आधी नीट करा. पॅसेजच्या टोकाला त्याची बसायची जागा, तिथेच जवळ कोळशाचा बॉयलर, त्याचं गरम पाणी पाइपातून सगळ्या केबिनला जायचं. प्रवासी जेवायला गेले की सोफ्याचा बेड करायचा, बॉर्डरवर कुणाची झोप मोडू नये म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचे, आणि रात्रभर बेल वाजली की उठायचं. डबा चालायचा तो त्याच्या जिवावर.

लालसिग्नल: म्युझियममध्ये उभा करणार की चालवणार, यावर सगळं ठरतं. 1978 ला इंग्लंडमध्ये टाँटनजवळ स्लीपर डब्याला आग लागून 12 जण गेले. मूळची वाफेची हीटिंग बदलून इलेक्ट्रिक हीटर बसवला होता आणि चादरींची बोचकी त्यालाच टेकून ठेवलेली, बरेच जण धुराने झोपेतच गेले. त्यामुळे चालवायचा असेल तर वायरिंग नवीन, धुराचे अलार्म, बाहेर पडायचे दरवाजे, यात जुनेपणाचा हट्ट नको.

रूळवेडा: सगळ्यांचे आभार, खरंच खूप कळलं. मग मला असं सुचतंय की एका केबिनमध्ये एकच बेड, बाकी ठिकाणी वरचे बर्थ तसेच ठेवायचे आणि अटेंडंटची जागा पूर्ण जशीच्या तशी. पण चालत्या डब्यात कोळशाचा बॉयलर आजच्या काळात ठेवू देतात का?

रात्रपाळी: ठेवतात की! 1982 ला सुरू झालेली व्हेनिस सिंप्लॉन ओरिएंट एक्सप्रेस, म्हणजे असेच जुने डबे घेऊन युरोपात चालणारी लक्झरी पर्यटक गाडी, बघा, तिच्या जुन्या स्लीपर डब्यांत अटेंडंट लोक कोळसा टाकूनच हीटिंग करत आलेत.