मिस्सा चुकली म्हणजे देव दुरावला का?

वसईकर_सिस्टर: मी कॅथलिक, हॉस्पिटलात नर्स आहे, ड्युटी कधी दिवसा कधी रात्री. यंदा उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) बरेच रविवार मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकली. आत्या म्हणते आधी कन्फेशन कर (फादरजवळ पापांची कबुली दे), मगच कम्युनियनला (मिस्सेत पवित्र भाकर घ्यायला) जा. आता खरं सांगू का, रात्री वॉर्डात सगळे झोपलेले असतात, सलाईन बदलता बदलता मी येशूशी मनातल्या मनात जे बोलते ना ते चर्चमध्ये कधीच जमलं नाही, तिथे तोंड पाठ केलेलं म्हणत असतं आणि डोक्यात बाजाराची यादी. आणि नियम तरी कसले, शुक्रवारी मटण नको म्हणून घरात पापलेट तळतात, याला त्याग म्हणायचं?? देवाशी नातं असेल तर बाकीचं एवढं लागतं का?

बावखल: ताई, आजाऱ्याची सेवा करताना मिस्सा चुकली तर ते पाप धरत नाहीत, ही चर्चचीच शिकवण आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्सासुद्धा रविवारचीच धरतात. आपल्याकडे अर्धे नियम घरातल्या मोठ्यांनीच कडक केलेत. नुसता उपवास घ्या, चर्चने तो 18 ते 59 वयाच्यांना सांगितलाय, तोही भस्म बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेला, पण आमची आजी ऐंशीच्या घरात आहे तरी चाळीस दिवस एकवेळ जेवते. कोण सांगणार तिला! पापलेटचं मात्र पटलं 😄

नगरकर७: आम्ही प्रॉटेस्टंट, आमच्याकडे कन्फेशन नाही पण "रविवारी उपासनेला का नव्हता" हे पाळकसाहेब विचारतातच. पंडिता रमाबाईंचं वाचा. 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर तिथल्याच मठातल्या सिस्टरांशी पत्रातून वाद घातले, चर्च सांगतं म्हणून डोळे मिटून मानणार नाही म्हणून. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता, तो काही वर्षांनी भेटला. पण म्हणून बाई सैल पडल्या नाहीत हां, केडगावला मुक्ती मिशन चालवलं, हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं.

साधा_विश्वासू: थोडं वेगळं बोलतो, राग नको. "माझं देवाशी डायरेक्ट आहे" असं माझा चुलतभाऊ पण म्हणायचा, आधी चर्च सुटलं, मग प्रार्थना, आता बायबल कपाटावर धूळ खातंय. येशू स्वतः शब्बाथ दिवशी (यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, काम बंद) सभास्थानात जायचा, त्याची ती रीतच होती, बायबलात लूक 4 मध्ये आहे. आणि अशाच एका सभास्थानात वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथ असून बरं केलं, परुशी (नियमांवर बोट ठेवणारे धर्मपुढारी) टपून बसलेले तरी. म्हणजे जाणं सोडलं नाही आणि समोरच्या आजाऱ्याला उद्या ये असंही म्हटलं नाही. तुमची ड्युटी मला त्यातच बसते. पण सुट्टीच्या रविवारी झोप काढत असाल तर आत्याचं बरोबर आहे.

वसईकर_सिस्टर: सुट्टीच्या रविवारचं नेमकं पकडलंत 🙈 शनिवारची धरतात हे माहीत नव्हतं, या शनिवारी दिवसपाळी आहे, जमेल. आत्या माझं ऐकणार नाही, तिला फादरनाच सांगायला लावते. रमाबाईंचं ते मराठीत कुठे मिळेल?